सरदाराचं राहिलेलं स्वगत

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. तिची दुसरीच एक आवृत्ती मात्र मनसोक्त सांगत फिरलो. कोजागरीच्या दुधाबरोबर सांगितली, हळदीकुंकवाच्या दिवशी लॉबीत ताटकळणाऱ्या नवऱ्यांना सांगितली, एकदा तर विमानतळावर कुणाला तरी सोडायला गेलो असताना सामानाच्या ट्रॉलीला टेकून सांगितली. दर वेळी लोक पोट धरून हसले. ती आवृत्ती अशी: दुबईतल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात सरदाराचं काम करणारा माझा मित्र ऐन शेवटच्या प्रवेशात आपलं स्वगत विसरला, आणि सुलतान झालेल्या मी प्रसंगावधान राखून त्याचं मुंडकं उडवलं, नाटक वाचवलं.

यातलं मुंडकं उडवलं तेवढंच खरं आहे.

नाटकाचं मूळ माझ्या ऑफिसात. सिलिकॉन ओएसिसमधल्या त्या ऑफिसात मी एअर-कंडिशनिंगच्या डक्टची डिझाइनं करायचो आणि शेजारच्या टेबलावरचा जॉर्डनचा ड्राफ्ट्समन ती रेखून द्यायचा. एका दिवाळीत माझ्या मुलानं अल बर्शातल्या आमच्या बाल्कनीत किल्ला केला होता. सुपरमार्केटातून आणलेली कुंड्यांची माती, अळिवाऐवजी मेथी, आणि बुरुजावर महाराजांच्या शेजारी प्लॅस्टिकचा डायनासोर. त्याचा फोटो मी ड्राफ्ट्समनला दाखवला. त्यानं लगेच आपल्या गावचा किल्ला दाखवला. खरा, दगडी, डोंगराच्या माथ्यावर पसरलेला.

"हबीबी, तुमच्या किल्ल्यात चांगली माणसं राहायची," तो म्हणाला. "आमच्यात हा राहायचा."

'हा' म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वीचा एक फ्रेंच सरदार. ड्राफ्ट्समन त्याचं नाव घेताना अजूनही आवाज बारीक करायचा, जणू तो पँट्रीत चहा करतोय. कुठल्याशा छोट्या जमीनदाराचा धाकटा मुलगा. घरी वाट्याला काही येणार नव्हतं म्हणून धर्मयुद्धाची लाट धरून इकडे आला. इथं एका राज्याची विधवा राणी त्याच्या प्रेमात पडली, लग्न झालं आणि गडी एकदम राज्यकर्ता झाला. तिथल्या म्हाताऱ्या धर्मगुरूनं नाक मुरडलं, तर यानं त्याला मारहाण करून, टकलावर मध फासून भर उन्हात किल्ल्याच्या बुरुजावर बसवलं. पुढे दुसऱ्यांची गुरं पळवताना पकडला गेला आणि सोळा वर्षं अलेप्पोच्या तुरुंगात पडला. सुटला, तर दुसऱ्या एका विधवेशी लग्न करून हा डोंगरावरचा किल्ला मिळवला. सुलतानाशी तह चालू असताना खालून जाणारे त्याचे काफिले लुटले. जहाजांचे तुकडे उंटांवर लादून वाळवंटातून समुद्रापर्यंत नेले आणि तिथे चाचेगिरी केली. अखेर सुलतानानं शपथ घेतली की याला मी माझ्या हातानं मारीन, आणि मारला.

आमच्या मजल्यावर एक फ्रेंच मॅनेजर होता. त्याला हे ऐकू गेलं, तर तो कॉफी घेऊन मधे पडला. त्याच्या मते सरदार शूर आणि दूरदृष्टीचा होता, त्याचा इतिहास शत्रूंनी लिहिल्यामुळे बदनाम झाला. दोघांची अशी जुंपली की त्या दिवशी एका मॉलच्या डक्टचं ड्रॉइंग उलट्या दिशेनं गेलं. मी मात्र खूश होतो. एका माणसावरून आठ शतकांनंतरही ऑफिसचं काम बंद पडतं, म्हणजे त्याच्यात नाटक आहे.

मी नाटक लिहिलं. मंडळाच्या कमिटीपुढे वाचलं. आमचे अध्यक्ष सावध गृहस्थ. ते वाचनभर घाम पुसत होते आणि शेवटी एवढंच म्हणाले, "छान आहे. पण इथं राहायचंय आपल्याला." मी त्यांना समजावलं, की नाटकात सुलतान थोर आहे, उदार आहे, शेवटचा शब्द त्याचा आहे. तेव्हा त्यांनी घामाचा रुमाल खिशात ठेवला.

मग माझा मित्र आला. तो रत्नागिरीकडचा, समुद्रकाठच्या गावातला कोकणी मुसलमान. खोर फक्कानच्या बंदरात कुठला कंटेनर कुठल्या जहाजावर कुठे चढायचा हे तो ठरवायचा. मंडळाच्या कार्यक्रमासाठी तो डोंगर ओलांडून येई आणि येताना सुरमई आणी, त्यामुळे त्याच्या येण्याला कमिटीची कधीच हरकत नसे. सगळ्यांनी एकमुखानं ठरवलं की सुलतान यानंच करायचा. एक तर तो दिसायला देखणा, आणि दुसरं कारण कुणी बोललं नाही, पण ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्यालाही ते दिसलं. तो म्हणाला, "आयुष्यभर चांगला मुलगा झालो, चांगला भाऊ झालो, चांगला जावई झालो. आता सुलतान झालो की परत चांगलाच. शुक्रवारपुरता तरी मला बदमाश होऊ द्या."

अशा रीतीनं तो फ्रेंच सरदार झाला आणि मी, सदाशिव पेठेत वाढलेला डक्टवाला, सुलतान झालो. मला हे मनातून हवंच होतं. थोर माणसाचं काम मी माझ्यासाठीच लिहिलं होतं, हेही आता सांगून टाकतो.

तेव्हा इथली सुट्टी शुक्रवारची असे. दर शुक्रवारी दुपारी आमच्या हॉलमधला सोफा बेडरूममध्ये जायचा आणि हॉलचं वाळवंट व्हायचं. माझी बायको प्रॉम्प्टर. ती स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसे, एका हातात संहिता आणि दुसऱ्या हातात बहुतेक वेळा लसूण. कपड्यांचं खातं मी घेतलं होतं. डक्टवर गुंडाळायचा चंदेरी फॉइलचा थर मला सहज मिळे, त्याची चिलखतं केली. बाह्यांसाठी घडीचे गोल डक्ट वापरले. चिलखत एवढं खरं दिसत होतं की लिफ्टमधल्या फिलिपिनो बाईनं माझ्या मित्राला पाहून फोटो काढून घेतला. अडचण एकच: त्या बाहीत कोपर वाकत नसे. सरदाराला नाक खाजवायचं तर कुणाला तरी बोलवावं लागे.

उंट दोघांचा मिळून होता, वर घोंगडी. पुढचा अर्धा आयटीतला आणि मागचा अर्धा बँकेतला, आणि त्यांचं पहिल्यापासून पटत नव्हतं. जहाजं म्हणजे लहान बाळांना आंघोळ घालायचे टब. धर्मगुरू झाले आमचे दंतवैद्य. त्यांना नैसर्गिक टक्कल होतं आणि त्यांनी त्याबद्दल पहिल्यांदाच आनंद व्यक्त केला.

मित्रानं पहिल्याच तालमीत नाटक खिशात घातलं. मी लिहिलेला सरदार दात-ओठ खाणारा खलनायक होता. यानं त्याला आपल्यातला करून टाकला. राणीशी लग्न झाल्यावर तो प्रेक्षकांकडे वळून म्हणे, "बायकोच्या व्हिसावर राजा झालो." हे वाक्य संहितेत नव्हतं. लसूण सोलता सोलता बायको इतकी हसली की स्टूल मागे सरकलं. उंटांवर जहाजं लादताना तो बंदरातल्या सुपरवायझरसारखा ओरडे, "यल्ला, यल्ला, हे वर, ते खाली, जड माल तळाला!" मी लिहिलेली उदात्त वाक्यं त्यानंतर आली की ती बिचारी कुणीतरी चुकून आत सोडल्यासारखी वाटत.

लग्नाचा प्रवेश तर मला स्वतःला फार आवडे. किल्ल्यात सरदाराच्या घरचं लग्न आहे आणि बाहेर सुलतानाचा वेढा पडलाय. नवऱ्यामुलाची आई लग्नाच्या जेवणातली ताटं बाहेर शत्रूला पाठवते. सुलतान विचारतो, नवरा-नवरी कुठल्या बुरुजात आहेत? आणि आपल्या माणसांना हुकूम देतो की तेवढ्या बुरुजावर दगड टाकू नका. हे सगळं ड्राफ्ट्समननं मला शपथेवर सांगितलं होतं. आमच्या मंडळाच्या बायकांनी त्या ताटात जिलबी, मसालेभात आणि मठ्ठा ठेवला. मित्र म्हणाला, एवढं पाठवलं असतं तर सुलतान वेढा उठवून पंगतीला बसला असता.

एका शुक्रवारी सगळे गेल्यावर तो मागे राहिला. म्हणाला, "एक विचारू? हा सोळा वर्षं तुरुंगात काय करत होता?"

मी संहिता उघडली. त्यात होतं: पडदा. सोळा वर्षांनंतर.

"तू सोळा वर्षं एका पडद्यात उडवलीस," तो म्हणाला.

मी म्हटलं, माहिती फारशी नाही. त्यावर तो म्हणाला की माहिती त्याच्याकडे आहे. मग आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ टेकून, त्यानं स्वतः रचलेलं स्वगत म्हणून दाखवलं. मरायच्या आधी, तंबूत, सरदारानं बोलायचं. त्यात तलवार नव्हती की धर्म नव्हता. अलेप्पोच्या कोठडीत तो आपल्या बायकोशी रोज मनातल्या मनात बोलत असे. बाहेर गेलो की काय काय सांगायचं ते पाठ करत असे. ती वारल्याची बातमी त्याला कुणा व्यापाऱ्याकडून फार उशिरा कळली, आणि तोवर तो जिच्याशी बोलत होता ती जगात नव्हतीच. पुढे तो म्हणतो की सुटल्यावर मी इतका धुमाकूळ घातला, इतका आरडाओरडा केला, कारण जे बोलायचं होतं ते ऐकणारं माणूस उरलं नव्हतं.

माझी बायको लसूण खाली ठेवून ऐकत होती. त्याच रात्री स्वगत संहितेच्या शेवटच्या प्रवेशात गेलं.

मित्राची बायको, आमची भाभी, तेव्हा गावीच असे. सासू-सासरे, मुलांची शाळा, आंब्याची कलमं, सगळं तिच्यावर. तो इथं इतर तिघांबरोबर खोली वाटून राही. वर्षातून एकदा घरी जाई. तो म्हणाला, "घरी गेलो की महिनाभर पाहुणे. हा येतो, तो येतो, कुणाचं लग्न, कुणाचं दुखणं. एक दिवस दार लावून बसलो, तर आईनं विचारलं, भांडलात काय? बोलायचं राहतं आणि परत एअरपोर्ट." मग तो थोडं हसला. "तिला व्हिजिट व्हिसावर आणतोय नाटकाला. समोर बसवून मला बोलता येणार नाही. पहिल्या रांगेत बसवून येईल."

हे मला माहीत होतं. पुढे काय झालं ते वाचताना हे विसरू नये, कारण मीही ते विसरलो नव्हतो.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये होता. नारळ फुटला, तिसरी घंटा झाली आणि पडदा अर्ध्यावर अडकला. उंटाच्या मागच्या अर्ध्यानं तो ओढून उघडला, त्यामुळे प्रेक्षकांना पहिलं दर्शन झालं ते घोंगडीबाहेरच्या, धोतरातल्या अर्ध्या उंटाचं. तिथून जे हशे सुरू झाले ते थांबेनात. टकलावर फासायला तालमीत आम्ही पाणी वापरत होतो. मित्रानं त्या दिवशी खरा मध आणला, डोंगरातला, उंची, आणि दंतवैद्यांच्या डोक्यावर सढळ हातानं ओतला. दिव्यांच्या उष्णतेनं तो पातळ होऊन त्यांच्या भुवयांवरून ओघळू लागला. त्यांनी जिभेनं चाखला, थांबले, आणि धर्मगुरूच्या भारदस्त आवाजात म्हणाले, "अत्याचार चालू ठेवा." सभागृह कोसळलं. त्यांचा प्रवेश संपला तरी ते आत जाईनात.

भाभी पहिल्या रांगेत होती. निळा ड्रेस, डोक्यावर ओढणी, मांडीवर पर्स. प्रत्येक हशाला ती आधी शेजारच्या बाईकडे बघे, सगळे खरंच हसतायत ना याची खात्री करून घ्यायला, आणि मग हसे.

मी विंगेत उभा होतो. माझ्या प्रवेशांना टाळ्या पडत होत्या. सभ्य टाळ्या, शाळेच्या बक्षीस समारंभात पडतात तशा.

शेवटचा प्रवेश. सरदाराच्या फौजेचा पराभव झालाय, सगळे तहानेनं व्याकूळ आहेत. सुलतानाच्या तंबूत सरदाराच्या बाजूचा बंदिवान राजा आणि सरदार उभे आहेत. सुलतान राजाला थंड सरबत देतो. त्या काळचा रिवाज असा की यजमानानं बंदिवानाला आपल्या हातानं पाणी दिलं की त्याचा जीव वाचला. राजा पितो आणि उरलेलं सरदाराला देतो. तेव्हा सुलतान म्हणतो, "हे तू दिलंस. मी दिलेलं नाही."

सरबत कोकमाचं होतं. राजानं पेला पुढे केला. सरदारानं तो घेतला आणि त्याचं कोपर वाकेना. तो सरळ हात घेऊन क्षणभर पेल्याकडे बघत राहिला, जणू पेला शारजात आहे आणि तोंड दुबईत. मग तो कमरेतून मागे वाकला, हात वर उचलला आणि वरून धार सोडली. काही तोंडात गेलं, बाकीचं चिलखतात. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. राजाचं काम करणारा पाठमोरा होऊन हसत होता. मला वाटलं नाटक संपलं, आता हे लोक शांत होत नाहीत.

तर त्यानं पेला खाली ठेवला, तोंड पुसायचा प्रयत्न सोडून दिला आणि नुसता उभा राहिला. आणि हॉल शांत झाला. तसा शांत हॉल मी मंडळात ना आधी पाहिला, ना नंतर. त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. श्वास घेतला. ओठ उघडले.

आणि माझ्या मनात आलं, हा आता बोलणार, आणि माझा सुलतान उद्या कुणालाही आठवणार नाही.

मी तलवार फिरवली. डक्टच्या पत्र्याची, कडेला फोम लावलेली, त्याच्या स्वगताच्या आधीच. ती त्याच्या खांद्यावर 'धप्' अशी वाजली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आश्चर्यानं, आणि मग समजून. मग तो फार छान मेला. चिलखत चुरचुरलं, कोकम ओघळलं, हशा फुटला, आणि मी माझी उदात्त वाक्यं म्हटली, ज्यांना त्या दिवशी उभ्यानं टाळ्या पडल्या.

पडद्यामागे अध्यक्षांनी मला मिठी मारली. "काय प्रसंगावधान! तो ब्लँक झालेला मी बघितलं. तुम्ही वाचवलंत." माझ्या तोंडून 'अहो, नाही' निघायला हवं होतं. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी." मित्र टबावर बसून बाही ओढून काढत होता. सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं माझ्याकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "विसरलो यार."

अध्यक्ष माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही प्रॉम्प्ट करायचं ना."

तिनं संहिता पिशवीत टाकली. शेख झायेद रोडला लागल्यावर गाडीत बोलली. "ते विसरले नव्हते. विसरलेला माणूस विंगेकडे बघतो. ते समोर बघत होते." थोड्या वेळानं, "आणि तुम्हीही विसरला नव्हता." पुढच्या वर्षीपासून तिनं प्रॉम्प्टिंग सोडलं. मंडळात आजही ती झोपली होती असं समजतात.

मी लगेच माफी मागणार होतो. पण पुढच्या शुक्रवारी भाभी परत गेली होती आणि मंडळात मला 'सुलतान' आणि त्याला 'सरदार' अशी नावं पडली होती. लोकांनी मला ती गोष्ट सांगायला लावली. पहिल्यांदा मी अडखळत सांगितली. दुसऱ्यांदा कमी अडखळलो. मग मला ती रंगवता येऊ लागली. सरदार शेजारी उभा असला तर तोही दुजोरा द्यायचा: "डोक्यात नुसता पांढरा पडदा, आणि वरून हा पठ्ठ्या तलवार घेऊन!" घरी मात्र मी पाणी मागितलं की बायको ग्लास हातात धरून विचारायची, "देऊ, की त्याआधीच मारणार?"

वर्षं गेली. मुलं मोठी झाली. सासू-सासरे गेल्यावर भाभी कायमची खोर फक्कानला राहायला आली आणि सरदारानं समुद्र दिसेल असा फ्लॅट घेतला. निवृत्त होऊन तो गावी जायचा होता, त्याआधी त्यानं आम्हाला जेवायला बोलावलं. बायको म्हणाली, आज बोला नाहीतर पुन्हा माझ्यापुढे त्याचं नाव काढू नका.

डोंगरातल्या बोगद्यांमधून जाताना आम्ही तालीम केली. मी म्हणायचो, "तू विसरला नव्हतास," आणि तिथेच अडायचो, आणि प्रॉम्प्टर बाई इतक्या वर्षांनी पुन्हा कामाला लागायची: "मी जळलो होतो." मी म्हणायचो, जळलो जरा जास्त होतं, हेवा वाटला म्हणू. ती म्हणायची, संहितेत जळलो आहे. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत मला चोख पाठ झालं होतं.

दारातच सरदारानं कोकमाचा ग्लास माझ्या हातात दिला. "घे, सुलतान. माझ्या हातानं देतोय. आता तुला भीती नाही." मी एका दमात प्यायलो. जेवणात सुरमई, सांदणं, सगळं झालं, आणि मी हात पुसून सुरुवात करणार एवढ्यात भाभीनंच विषय काढला.

"भाऊ, तुमचं ते नाटक," ती म्हणाली, आणि ओढणीत हसायला लागली. "एवढा मोठा सरदार. उंटांवरून जहाजं नेली, सगळ्यांना घाबरवलं, आणि मला बघितलं नि सगळं विसरला. यांनीच सांगितलं मला, त्याच रात्री. म्हणाले, तू पहिल्या रांगेत दिसलीस आणि माझं सगळं पाठांतर गेलं." ती माझ्या बायकोकडे वळली. "लग्नाला एवढी वर्षं झाली, असं काही बोलायचे नाहीत हो हे कधी. ते एकदाच."

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती भाताकडे बघत होती. तिथं प्रॉम्प्ट करण्यासारखं काही नव्हतं. तरी मी तोंड उघडलं. सवयीनं उघडलं, की पाठ केलेलं वाया जाईल म्हणून, देव जाणे. "भाभी, खरं म्हणजे तो..."

सरदारानं टीपॉयवरचं गुंडाळलेलं वर्तमानपत्र उचललं आणि माझ्या मानेवर हाणलं.

"खलास," तो म्हणाला. "मेलास. पड."

भाभी हसून हसून सोफ्यावर कलली. मी पडलो. खरंच पडलो, गालिच्यावर, हातपाय पसरून, आणि माझ्या वयाला शोभणार नाही इतका वेळ पडून राहिलो, कारण उठलो असतो तर चेहरा दिसला असता. मग माझी बायकोही हसायला लागली आणि तिला थांबता येईना.

बाल्कनीत आम्ही दोघंच असताना खाली बंदरात क्रेन चालू होत्या. तो म्हणाला, "तिच्यासाठी तेच खरं आहे. राहू दे." मी विचारलं, ते स्वगत तिला कधी म्हणून दाखवलं का? त्यानं नकारार्थी मान हलवली. "समोर बसवावं लागतं रे." मग एका जहाजाकडे बोट करून तो सांगू लागला की त्यावरचा माल चुकीच्या क्रमानं चढवलाय.

मी तेव्हापासून तोंड बंद ठेवलं, आणि सुरुवातीला ते मला सोयीचं होतं हेही मान्य करतो. एका खोट्या गोष्टीची एक बाई आयुष्यभर लाडकी आठवण करून बसली होती. मी दुरुस्ती कुठे करणार? मंडळात कुणी ती गोष्ट सांगा म्हटलं तर मी सांगायचो, पण आता शेवटी जोडायचो की त्याला समोर बायको दिसली म्हणून तो विसरला. त्यावर लोक हसायच्या ऐवजी 'अरे वा' म्हणू लागले. माझ्या त्या गोष्टीतलं एवढं एकच वाक्य लोकांना भावलं, आणि तेही त्याचंच.

भाभी मागच्या वर्षी गेली, गावी, झोपेतच. मी फोन केला. सरदार बराच वेळ कलमांबद्दल बोलला, मुलगी आली आहे म्हणाला, घरात माणसं आहेत म्हणाला. मला वाटलं, आता तरी. आता कुणाचं काही मोडणार नाही. मी म्हटलं, "सरदार, ऐक. त्या नाटकात..." आणि तो इतक्या हळू म्हणाला की मला फोन कानाशी दाबावा लागला, "सुलतान, मी तिला म्हणून दाखवायला हवं होतं रे." मग मागून कुणी हाक मारली आणि फोन ठेवला गेला. नंतर मी अनेकदा केला. तो उचलतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, माझी नात मराठीत बोलते का विचारतो, मी सांगतो की 'आजोबा, आय अंडरस्टँड एव्हरीथिंग' म्हणते, तो हसतो, आणि मी विषय काढायला गेलो की म्हणतो, "खलास, यार."

म्हणून जे बोगद्यांमधून पाठ केलं होतं ते इथं म्हणतो. मधे कुणी वर्तमानपत्र उचलणार नाही.

सरदार, तू विसरला नव्हतास. तू श्वास घेतला होतास, ओठ उघडले होतेस आणि भाभी तुझ्याकडेच बघत होती. हॉल तुझा होता आणि मी जळलो. तुझं तिच्याशी एकदाच मोकळेपणानं बोलणं होणार होतं, ते मी मारलं, आणि वर इतकी वर्षं तू विसरलास असं सांगून टाळ्या घेतल्या. तूही मला सांभाळून घेतलंस. मला माफ कर.